सीए फायनलचा पहिला ग्रुप सहाव्यांदा राहिला : जानेवारीत बसावे की थांबावे?

प्रश्न : पूर्वभागकर

नमस्कार. गेली चार वर्षे मी इथे फक्त वाचत आले आहे. आज पहिल्यांदा लिहीत आहे आणि लिहिण्याचे कारण चांगले नाही. सप्टेंबर २०२५ च्या सीए फायनलचा निकाल या आठवड्यात लागला आणि पहिला ग्रुप पुन्हा राहिला. ही सहावी वेळ.

उत्तर देणाऱ्यांना नेमके बोलता यावे म्हणून सगळा हिशेब मांडते. मे २०२३ मध्ये जुन्या अभ्यासक्रमाचे दोन्ही ग्रुप दिले आणि दोन्ही राहिले. नोव्हेंबर २०२३ मध्ये, म्हणजे जुन्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या परीक्षेत, फक्त पहिला ग्रुप दिला, तोही राहिला. मे २०२४ पासून नवा अभ्यासक्रम आला, आठाचे सहा पेपर झाले आणि त्या खेपेला दुसरा ग्रुप निघाला, परंतु पहिला १४३ वर अडकला. नोव्हेंबर २०२४ मध्ये एएफएममध्ये (प्रगत वित्त व्यवस्थापन) ६१, ऑडिटमध्ये ५२ आणि एफआरमध्ये (फायनान्शियल रिपोर्टिंग) ३८ गुण मिळाले. बेरीज १५१ होती, म्हणजे ग्रुपला लागणाऱ्या १५० पेक्षा एक गुण जास्तच, पण प्रत्येक विषयात किमान ४० हवेत या अटीमुळे एफआरमधल्या दोन गुणांनी सगळ्यावर पाणी फिरवले. त्यातून एवढेच हाती लागले की एएफएममध्ये साठाच्या वर गुण असल्यामुळे त्या विषयात पुढच्या तीन परीक्षांपुरती सूट मिळाली. मे २०२५ मध्ये एफआर ४४ आणि ऑडिट ४१ आले, तर आता सप्टेंबरमध्ये एफआर ३६ आणि ऑडिट ४९. सुटीचे ६१ धरून दोन्ही वेळा बेरीज १४६ च आहे. निकालाच्या पानावर तोच आकडा पुन्हा पाहिला तेव्हा क्षणभर मला जुनेच पान उघडल्यासारखे वाटले.

माझे वय २८ आहे. वडील सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारे कारागीर, आहेत आणि आई घरी विड्या वळते. आमच्या घरी तेलुगू बोलतात, माझी शाळा मराठी माध्यमाची होती आणि पेपर इंग्रजीत लिहायचे असतात, पण हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, कारण माझ्याबरोबर याच वाटेने आलेल्या दोघी जणी सीए होऊन बसल्या आहेत. आर्टिकलशिपची तीन वर्षे इथल्याच एका फर्ममध्ये पूर्ण केली. सध्या एका करसल्लागारांच्या कार्यालयात अर्धा दिवस काम करते.

खरी अडचण अभ्यासाच्या अलीकडची आहे. एफआरचे पुस्तक उघडले की एकाच पानावर तासभर जातो आणि त्या तासात काय वाचले ते सांगता येत नाही. रात्री तीन-चार तासांपलीकडे झोप लागत नाही. गल्लीत, देवळात, किराणा दुकानात ‘झालं का गं सीए?’ हा प्रश्न ठरलेला असतो. विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते हे मला कळते, तरी मागच्या महिन्यात मामेबहिणीच्या लग्नाला मी डोके दुखण्याचे निमित्त करून गेले नाही.

जानेवारी २०२६ च्या परीक्षेचा फॉर्म भरण्याची मुदत थोड्याच दिवसांत संपेल. एएफएमची सूट लागू असलेली ही शेवटची परीक्षा आहे. परीक्षा गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, तोंडावर येते, म्हणजे हातात जेमतेम दोन महिने उरतात. जानेवारीत बसावे की मेपर्यंत थांबून नीट तयारी करावी? की आता हा नाद सोडावा? आणि जे स्वतः अनेकदा नापास झाले आहेत त्यांनी पुन्हा पुस्तक हातात कसे घेतले, हे कोणी मोकळेपणाने सांगेल का?


उत्तर : लाल पेन्सिल

मी सोलापुरातच प्रॅक्टिस करतो. फायनलला पाच वेळा नापास झालो आणि २०१२ मध्ये पास झालो, तेव्हा उत्तर देण्याची पात्रता माझ्याकडे आहे असे समजतो.

तुम्ही १४६ या आकड्याकडे पाहत राहिलात, म्हणून त्याच्या आतला आकडा तुमच्या नजरेतून निसटला. सुटीचे ६१ बाजूला काढा. मे महिन्यात ४४ आणि ४१ मिळून ८५, तर सप्टेंबरमध्ये ३६ आणि ४९ मिळूनही ८५. म्हणजे तुमची एकूण ताकद कमी झालेली नाही, ती फक्त एका पेपरातून दुसऱ्यात सरकली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये एफआरने घात केला म्हणून मे महिन्यासाठी तुम्ही सगळा जोर एफआरवर दिला असणार आणि ऑडिट ५२ वरून ४१ वर आले. मग ऑडिटची धास्ती घेऊन त्याच्या मागे लागलात आणि एफआर खाली गेले. माझा अंदाज चुकत असेल तर सांगा. आपल्या गावात हे वेगळे समजावून सांगायची गरज नसावी, कारण आखूड चादर डोक्यावर ओढली की पाय उघडे पडतात आणि पायांवर ओढली की डोके उघडे पडते. तुम्ही दोन वेळा चादर ओढलीत, तिची लांबी मात्र चार बोटांनीच कमी आहे. तुम्हाला दोन पेपर मिळून ८९ हवे आहेत, प्रत्येकात किमान ४० राखून.

हा ८९ चा आकडा जानेवारीपुरताच आहे, हे नीट ध्यानात घ्या. नव्या योजनेत सूट कायमची राखून ठेवण्याचा पर्याय आहे, परंतु तो घेतला की ग्रुपच्या उरलेल्या प्रत्येक पेपरात ५० गुण मिळवावे लागतात, ४० वर भागत नाही. म्हणजे मे महिन्यात त्या वाटेने गेलात तर हव्या असलेल्या गुणांची बेरीज १०० होते आणि एका पेपरातली कसर दुसऱ्यात भरून काढण्याची सोयही जाते. ती वाट नको असेल तर एएफएम पुन्हा द्यावे लागेल. माझ्या मते या एका कारणासाठी जानेवारीत बसावे. दुसरे कारण हवामानाचे आहे. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर असतो आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी एकत्रीकरणाचा (मुख्य कंपनी आणि उपकंपन्या यांचा मिळून) ताळेबंद सोडवणे काय असते हे मी भवानी पेठेत राहून भोगलेले आहे.

आता नापास होण्याबद्दल. माझ्या पहिल्या चार अपयशांनंतर मी प्रत्येक वेळी एकच उपाय केला, तो म्हणजे अभ्यासाचे तास वाढवले. दहाचे बारा केले, बाराचे चौदा केले. दुखणे काय आहे हे न तपासता औषधाची मात्रा वाढवण्यातला तो प्रकार होता. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परीक्षार्थीचा स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला आणि त्यानंतर पाचव्या अपयशाच्या वेळी मी धीर करून प्रमाणित प्रती मागवल्या. त्या उघडल्यावर जे दिसले त्याची लाज आजही वाटते. जो प्रश्न मला सगळ्यात चांगला येत होता त्याचे उत्तर मी दुप्पट लांब लिहिले होते आणि शेवटचा प्रश्न अजिबात लिहिला नव्हता. घरी येऊन मी वडिलांना सांगितले होते की पेपर लांब होता. पेपर ठरलेलाच होता, लांब मी लिहिले होते. ऑडिटमध्ये तर मी निष्कर्ष लिहून मोकळा झालो होतो. कोणत्या मानकाच्या आधारे तो काढला, त्या मानकाची अपेक्षा काय आणि दिलेल्या परिस्थितीला ती कशी लागू पडते, हे सगळे माझ्या डोक्यातच राहिले होते आणि डोक्यातल्या मजकुराला परीक्षक गुण देऊ शकत नाही.

तुम्ही आजवर एकदाही प्रती मागवलेल्या नाहीत अशी मला शंका आहे, कारण तुमच्या इतक्या तपशीलवार लेखनात उत्तरपत्रिकेचा उल्लेखच नाही. निकालापासून महिन्याभराच्या आत अर्ज करावा लागतो. पुनर्मूल्यांकन होत नाही, फक्त बेरीज आणि तपासायचे राहिलेले उत्तर यांची पडताळणी होते, त्यामुळे गुण वाढतील या आशेने मागवू नका. दुसऱ्याच्या हिशेबाच्या वह्या आपण ज्या कोरड्या नजरेने तपासतो, त्याच नजरेने स्वतःची वही एकदा तपासायची, एवढ्यासाठी मागवा.


उत्तर : सात रस्ता

वरच्या उत्तरातील गणित बरोबर आहे, परंतु निष्कर्षाशी मी सहमत नाही. मी चौथ्या प्रयत्नात, मे २०२५ मध्ये पास झालो, त्यामुळे माझी आठवण अजून ताजी आहे.

२०२५ पासून फायनल वर्षातून तीन वेळा होऊ लागली आणि या सोयीचा एक तोटा फारसा कोणी बोलून दाखवत नाही. पूर्वी दोन परीक्षांमध्ये सहा महिन्यांचे अंतर असायचे, त्यात निकालानंतर माणूस आठ-पंधरा दिवस रडून, गावाला जाऊन, मित्रांबरोबर पार्क चौकात बसून परत यायचा. आता निकाल लागतो त्याच आठवड्यात पुढचा फॉर्म समोर येतो. दुःख आवरायच्या आत शुल्क भरावे लागते. पूर्वभागकर ताई, तुम्हाला तीन-चार तास झोप लागते आणि एका पानावर तास जातो, असे तुम्ही स्वतःच लिहिले आहे. या अवस्थेत ८९ काय आणि १०० काय, दोन्ही सारखेच दूर असतात. मी एक खेप जाणीवपूर्वक सोडली होती. त्या काळात महिनाभर पुस्तक उघडले नाही, नंतर रोज चार तासांपासून सुरुवात केली.

आणखी एक गोष्ट आकड्यांत सांगतो. फायनलच्या पहिल्या ग्रुपचा निकाल नोव्हेंबर २०२३ मध्ये ९.४६ टक्के होता, मे २०२४ मध्ये २७.३५, नोव्हेंबर २०२४ मध्ये १६.८ आणि मे २०२५ मध्ये २२.३८ टक्के. दीड वर्षात विद्यार्थ्यांची हुशारी तिप्पट होऊन पुन्हा घटली असे कोणी म्हणणार नाही. त्यामुळे सहा वेळा नापास म्हणजे आपल्यात सहा पट काहीतरी कमी आहे, असा अर्थ काढू नये. ज्या परीक्षेत शंभरातले नव्वद जण राहिले, त्या नोव्हेंबर २०२३ मध्ये तुम्हीही राहिलात, यात तुमच्या नावावर किती आणि परिस्थितीच्या नावावर किती लिहायचे ते निदान प्रामाणिकपणे वाटून घ्या.

झोपेचे मात्र हसण्यावारी नेऊ नका. आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. रात्री-अपरात्री फारच जड वाटले, जगणे नकोसे वाटण्यापर्यंत विचार गेले, तर १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक आहे. तो चोवीस तास मोफत चालतो आणि मराठीत बोलता येते. मी एकदा लावला होता. त्यात लपवण्यासारखे मला काही वाटत नाही.


उत्तर : लाल पेन्सिल

सात रस्ता यांचा झोपेचा मुद्दा मला मान्य आहे, तो माझ्याकडून राहून गेला. तरीही फॉर्म भरून ठेवावा असेच मी म्हणेन. भरलेला फॉर्म परीक्षेच्या आदल्या दिवशीही सोडून देता येतो, न भरलेला फॉर्म डिसेंबरात भरता येत नाही. मात्र मनात ‘बघू’ ठेवून भरू नका. डिसेंबरची पंधरा तारीख ठरवा आणि त्या दिवशी झोप व सराव पाहून बसायचे की नाही याचा निर्णय घ्या.


उत्तर : पतसंस्थावाला

‘हा नाद सोडावा का’ या प्रश्नाला वर कोणी हात लावलेला नाही. तो मी लावतो, कारण मी सोडला.

मी सात वेळा फायनल दिली. खरे म्हणजे पाच वेळा दिली आणि दोन वेळा फॉर्म भरून, प्रवेशपत्र टेबलावर ठेवून, घरीच बसलो. घरच्यांना वाटले मी पेपरला गेलो आहे. मी त्या दोन्ही वेळा सगळ्या पेपरांच्या दुपारी सिद्धेश्वर तलावाच्या कठड्यावर बसून काढल्या आणि संध्याकाळी पेपर ‘बरा गेला’ असे सांगत घरी आलो. मी कधी थांबायचे ठरवले नाही, हळूहळू विझत गेलो, आणि त्यात जी चार वर्षे गेली ती नापास होण्यात गेलेल्या वर्षांपेक्षा मला जास्त सलतात.

पुढे एका स्नेह्याच्या सांगण्यावरून सहकार खात्याची जीडीसी अँड ए (सहकार आणि लेखाशास्त्राची शासकीय पदविका) ही परीक्षा दिली. कोणत्याही शाखेचा पदवीधर तिला बसू शकतो, पेपर मराठीत लिहिता येतो आणि सहकार कायदा, हिशेब, लेखापरीक्षण हे विषय सीएच्या विद्यार्थ्याला परके नसतात. ही पदविका आणि आवश्यक अनुभव असला की महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली प्रमाणित लेखापरीक्षक म्हणून नामतालिकेत नाव लागू शकते. आज मी पतसंस्था, गृहनिर्माण संस्था आणि तालुक्यातील काही विकास सोसायट्यांचे लेखापरीक्षण करतो. सोलापूर जिल्हा सहकाराचा जिल्हा आहे, येथे साखर कारखान्यांपासून पगारदारांच्या पतसंस्थांपर्यंत काम भरपूर असते. वाणिज्य पदवीधराला जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी करण्याचीही वाट आहे आणि तुम्ही करसल्लागारांकडे काम करता, म्हणजे त्या कामाची ओळख तुम्हाला आहेच.

पण खोटे गोड चित्र मी रंगवणार नाही. कंपनीच्या लेखापरीक्षणावर आणि आयकराच्या लेखापरीक्षण अहवालावर सही सीएचीच चालते. कधी कधी सगळे काम मी करतो आणि सहीसाठी फाइल माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान मुलाकडे पाठवतो. ते पहिली दोन वर्षे गिळता आले नाही. आता गिळता येते, काही दिवशी येत नाही.

म्हणून तुम्हाला एवढेच सांगतो की सोडायचे असेल तर तारीख घालून सोडा, आणि ती तारीख निकालाच्या आठवड्यात घालू नका. निकालाच्या आठवड्यात माणसाने लग्नही ठरवू नये आणि घरही विकू नये.


उत्तर : होटगी रोडचे काका

मी सीए नाही, हार्डवेअरचे दुकान चालवतो. माझी मुलगी सीएच्या इंटरला, म्हणजे फायनलच्या आधीच्या टप्प्याला, चार वेळा राहिली. तू तिच्यापेक्षा फार मोठी नसशील म्हणून ‘तू’ म्हणतो, राग मानू नकोस.

आमच्या घरात निकाल मी बघायचो. तिचा परीक्षेचा क्रमांक माझ्या फोनमध्ये साठवलेला होता आणि संकेतस्थळ उघडले की तिच्या आधी मला कळायचे. मग मी तिच्याकडे यायचो. चौथ्या वेळेला ती म्हणाली, ‘पप्पा, तुम्ही जिना चढताना पावलांच्या आवाजावरूनच मला निकाल कळतो.’ त्यानंतर मी तो क्रमांक काढून टाकला. आता निकाल तीच बघते, आणि ती बोलेपर्यंत आम्ही कोणी विचारत नाही. हे फार मोठे काम आहे असे नाही, पण मला ते जमायला चार निकाल लागले.

लोकांच्या प्रश्नाचे म्हणशील तर आमच्या बायकोने त्यावर एक तोड काढली. कोणी ‘मुलगी काय करते’ असे विचारले की पूर्वी ती ‘सीए करतेय’ म्हणायची आणि पुढचा प्रश्न आपोआप यायचा. आता ती ‘एका कार्यालयात हिशेबाचे काम बघते’ असे सांगते, जे खरेच आहे, आणि विषय कांद्याच्या भावाकडे वळतो. तूही अर्धा दिवस काम करतेस, ते काम आहे. त्याचे नाव आधी घेत जा.

तुझ्या आई-वडिलांना हे पान वाचून दाखवता आले तर दाखव. जॉबर माणसाला आखूड चादरीचे गणित माझ्यापेक्षा लवकर कळेल.


पूर्वभागकर

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला महिना लागला, त्याबद्दल क्षमा असावी.

लाल पेन्सिल सरांचा अंदाज दोन्ही बाबतींत खरा निघाला. मे महिन्यासाठी मी ऑडिट शेवटच्या बारा दिवसांवर ढकलले होते आणि सप्टेंबरसाठी एफआरच्या बाबतीत तेच केले. प्रतीही कधी मागवल्या नव्हत्या. या वेळी फॉर्म शेवटच्या दिवशी भरला आणि त्याच बैठकीत दोन्ही पेपरांच्या प्रतींसाठी अर्ज केला. त्या आल्यावर दोन दिवस उघडल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी कार्यालयात जेवणाच्या सुटीत उघडल्या, कारण घरी उघडायचे धाडस नव्हते.

एफआरच्या वर्णनात्मक भागात ७० पैकी २४ गुण आहेत. निकालपत्रात ३६ आहेत, म्हणजे ३० गुणांच्या वस्तुनिष्ठ भागात मला फक्त १२ मिळाले. मी आजवर हे वजा करून पाहिलेच नव्हते. त्या भागात चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे ‘तिथे काहीतरी मिळतेच’ अशा समजुतीवर मी त्याचा वेगळा सराव कधी केला नाही. ऑडिटमध्ये मात्र वर्णनात्मक २५ आणि वस्तुनिष्ठ २४ निघाले. म्हणजे एकीकडे जे मी फुकटचे समजत होते तेच दुसरीकडे मला तारत होते. चौदा गुणांच्या शेवटच्या प्रश्नाखाली एफआरच्या उत्तरपत्रिकेत माझ्याच अक्षरात फक्त प्रश्नक्रमांक आणि त्याखाली एक रेघ आहे. ती रेघ मी कधी मारली ते मला आठवत नाही.

सात रस्ता दादांचे ऐकून झोपेसाठी डॉक्टरांकडेही गेले. आता पाच-साडेपाच तास झोप होते. सकाळी दोन तास एफआर आणि संध्याकाळी कार्यालयातून आल्यावर दोन तास ऑडिट असे ठरवले आहे आणि कोणताही दिवस फक्त एकाच विषयावर घालवायचा नाही हा एकच नियम ठेवला आहे. रोज एक चौदा गुणांचा प्रश्न घड्याळ लावून लिहिते, सीए संस्थेच्या आरटीपी (उजळणीचे प्रश्नसंच) आणि मॉक पेपरांमधील वस्तुनिष्ठ प्रश्न वेगळे सोडवते. पंधरा डिसेंबर काल होऊन गेला. बसायचे ठरले आहे. हरले तर मेचा फॉर्म भरायचा की सहकार खात्याच्या परीक्षेचा, हे निकालानंतर पंधरा दिवस तरी ठरवणार नाही, असे पतसंस्थावाल्या सरांना कबूल करते.

काका, बाबांना वाचून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की चादर आखूड निघाली तर ताण्यात दोष असतो, विणणाऱ्याला शिव्या देऊन उपयोग नसतो.

सरांना एक प्रश्न आहे. एकत्रीकरणाच्या प्रश्नात माझे अंतिम आकडे सुचवलेल्या उत्तराशी तंतोतंत जुळतात, तरी चौदापैकी आठच गुण आहेत. शेजारच्या समासात परीक्षकाने काहीच लिहिलेले नाही. हे कसे समजून घ्यावे?


लाल पेन्सिल

आसन क्रमांक आणि बारकोड झाकून ती दोन पाने इथे टाका. ख्यातीमूल्य (गुडविल) आणि अल्पसंख्याक भागधारकांचा हिस्सा यांच्या वर्किंग नोट्सना स्वतंत्र गुण असतात. तुम्ही त्या लिहिल्या होत्या, की आकडे थेट कॅल्क्युलेटरवरून ताळेबंदात उतरवले, तेवढे आधी सांगा.